थुकरटवाडीचे टपाल

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने पुस्तकाविषयी बोलावे, फार तर एखाद्या नाटकाविषयी, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या एका कृतीने माझ्या घरातील चारही माणसांना एकाच वेळी एकाच खोलीत बसविले, ती कृती कादंबरी नव्हती. माझी तर नव्हतीच. माझ्या कादंबऱ्या आई वाचत नसे, कारण अक्षर बारीक. बायको वाचत नाही, कारण तिला त्यांतली माणसे ओळखू येतात. मुलगी वाचत नाही, त्याचे कारण तिने अद्याप सांगितलेले नाही. ‘चला हवा येऊ द्या’ मात्र आम्ही चौघेही पाहत होतो, आणि जेवणाची ताटे वेळेवर घासली जावीत म्हणून मी स्वतः मोरीत उभा राहत होतो.

झी मराठी वाहिनीवर २०१४ च्या ऑगस्टमध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याने निरोप घेतला. मध्ये साडेनऊ वर्षे गेली. सुरू झाला तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. संपला तेव्हा ती बारावीची परीक्षा देत होती. एवढ्या काळात सरकारे बदलतात, घरांचे रंग बदलतात, माणसे जातात. सोमवार आणि मंगळवारच्या रात्री मात्र एक काल्पनिक खेडे आमच्या भिंतीवर उजळत असे. त्याचे नाव थुकरटवाडी. नावातच गावाने आपली पत सांगून टाकली होती. ज्या गावाला प्रतिष्ठाच नाही, त्याची कोणी बदनामी करू शकत नाही. विनोदाला याहून सोयीची जागा कोणती?

कार्यक्रमाचा बांधा तसा साधा होता. एखाद्या नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी पाहुणी म्हणून येत आणि कोचावर बसत. डॉ. निलेश साबळे त्यांचे स्वागत करीत, त्यांच्याशी चार गोष्टी बोलत. मग त्या पाहुण्यांच्याच चित्रपटाचे, त्यांच्याच गाजलेल्या भूमिकांचे विडंबन त्यांच्या डोळ्यांसमोर होई. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे ही ती विडंबन करणारी मंडळी. साबळे हे शिक्षणाने डॉक्टर. पण या कार्यक्रमाचे लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन अशी तिन्ही ओझी त्यांच्या खांद्यावर असत. दर भागात ते समोरच्यांना एकच प्रश्न विचारीत : हसताय ना? आणि उत्तराची वाट न पाहता सांगत की, हसायलाच पाहिजे. या प्रश्नाकडे आणि त्याला जोडून येणाऱ्या आज्ञेकडे मला पुढे परत यावयाचे आहे.

पहिल्याच महिन्यात आईने या कार्यक्रमावर जे भाष्य केले, त्यापलीकडे माझे टीकाशास्त्र फारसे गेलेले नाही. भाऊ कदम लुगडे नेसून आले, त्यांनी पदर खोचला, आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्याचा भलताच अर्थ लावायला सुरुवात केली. आई चष्मा सावरीत म्हणाली, “आरं, ही तर बतावणी!”

तिच्या लहानपणी गावच्या यात्रेत तमाशाचा फड येई. बायकांनी तिथे जावयाचे नाही असा दंडक होता. म्हणून आई आणि तिच्या मैत्रिणी माळवदावर झोपायला जात आणि काळोखात पडल्या पडल्या दूरवरून येणारा आवाज ऐकत. ढोलकी कळे, गण कळे, गवळण कळे, बतावणीतला सोंगाड्या कळे. दिसत मात्र काही नसे. पुरुषांचे हसणे ऐकून त्या पोरी अंदाजाने हसत. साठ वर्षांनी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून आईला ती बतावणी दिसली. तिच्या हसण्यात मागची थकबाकी वसूल केल्याचा आनंद होता.

आईचे निदान बिनचूक होते. मराठी माणसाला हसविण्याचे एक जुने यंत्र आपल्याकडे आहे, आणि ते खेड्यात तयार झालेले आहे. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर एक मावशी असते, आणि ती मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. कृष्णाला अडवून ती जे प्रश्न विचारते, ते भक्ताने देवाला विचारावयाचे नसतात. बतावणीत दोन माणसे शब्दाला शब्द भिडवतात आणि शहाणपणाची टोपी मूर्खाच्या डोक्यावर चढते. १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने हे यंत्र शहरी रंगमंचावर आणले, आणि दादा कोंडक्यांनी ते असे चालविले की सोवळे प्रेक्षकही ओवळे होऊन परतले. त्याच्या थोडे आधी, १९६२ मध्ये, पु. ल. देशपांड्यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ने सुट्या सुट्या प्रसंगांची माळ ओवून एक संध्याकाळ उभी करता येते हे दाखविले होते. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘गजरा’नेही अशीच सुटी फुले गुंफली. थुकरटवाडी या वाटेवरचे अलीकडचे गाव. ती आकाशातून पडलेली नव्हती.

फरक एवढाच की तमाशात गण, गवळण, बतावणी झाल्यावर वग येतो. म्हणजे कथा येते, आणि कथेबरोबर माणसाचे सुखदुःख येते. दूरचित्रवाणीच्या प्रहसनाला वगाची सवड नाही. पाच-दहा मिनिटांत सोंग उभे करावयाचे, हशा घ्यावयाचा, आणि जाहिरातीला जागा करून द्यावयाची. नुसत्या बतावणीवर साडेनऊ वर्षे कशी काढावयाची, हा या मंडळींपुढचा खरा प्रश्न होता. त्यांनी काढलेले उत्तर हाच माझ्या लेखाचा विषय. पण त्याआधी या नटांविषयी लिहिले पाहिजे. नाहीतर मी हसण्याचे कर्ज फेडले नाही असे होईल.

भाऊ कदमांच्या विनोदाचे मर्म त्यांच्या वाक्यांत नाही, वाक्याआधीच्या थांबण्यात आहे. समोरचा काही बोलतो, भाऊ ऐकतात, त्यांच्या चेहऱ्यावर काहीही घडत नाही. रेशनच्या रांगेत दोन तास उभे राहून ‘आज साखर संपली’ असे ऐकलेल्या माणसाचा तो चेहरा असतो. प्रेक्षक त्या चेहऱ्यावर आपापले अपमान वाचतो आणि वाक्य येण्याच्या आधीच हसू लागतो. वाक्य पुढे आलेच, तर ते वरकड उत्पन्न. कुशल बद्रिके यांची रीत याच्या उलट. त्यांचे अंगच बोलते. ते रंगमंचावर येतात ते वाटेतल्या कशाला तरी अडखळणारच, अशा बेताने. श्रेया बुगडे यांचे काम सर्वांत अवघड होते. साड्या नेसलेल्या पुरुषांच्या मेळ्यात खऱ्या स्त्रीने विनोद करावयाचा, आणि त्यांच्यापेक्षा वरचढ करावयाचा! त्यांनी नकलेचा आधार घेतला. परंतु ती नक्कल नुसत्या आवाजाची नव्हती. एखादी अभिनेत्री बोलताना हात कुठे ठेवते, हसण्यापूर्वी कोणाकडे पाहते, हे टिपून घेणारी नजर त्यामागे होती. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ती नजर.

भारत गणेशपुरे आले की वऱ्हाडी आपल्या चालीने चालू लागे. ही गोष्ट वरवर वाटते तेवढी लहान नाही. आपल्या रंगभूमीवर पुष्कळ काळ प्रमाण भाषा ही नायकाची आणि बोली ही घरगड्याची, अशी वाटणी होती. मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला, लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने मराठवाडी बोलीला रंगमंचावर हक्काचा पाट मांडून दिला. थुकरटवाडीत तर सगळ्याच बोली एका पारावर बसल्या. माझ्या वर्गातील मुले ‘बाणाचा ण’ उच्चारताना चुकली की आपसांत चिडवाचिडवी करीत. हा कार्यक्रम बघू लागल्यावर तीच मुले एकमेकांच्या बोली आवडीने बोलू लागली. व्याकरणाचा शिक्षक म्हणून मला याचे दुःख व्हावयास हवे होते. झाले नाही.

आता पाहुण्यांच्या कोचाविषयी. या कार्यक्रमाची नैतिक बाजू मला त्या कोचात सापडते. ज्याची चेष्टा करावयाची, त्याला आधी सन्मानाने बोलवावयाचे, समोर बसवावयाचे, आणि मग त्याच्या तोंडावर करावयाची. पाठीमागे केलेली नक्कल ही चहाडी असते; समोर केलेली नक्कल ही एक प्रकारची दादच असते. मराठी रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट आले, हिंदीतले शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे तारे आले, आणि आपली सोंगे पाहून त्यांना हसावे लागले. पडद्यावर चाळीस फूट उंच दिसणारा माणूस कोचावर बसून आपल्याच चालण्याच्या ढबीला हसत आहे, हे पाहून आमच्यासारख्यांना बरे वाटे. राजाला विदूषक का लागतो, याचे उत्तर तिथे मिळत होते.

परंतु याच कोचावर या विनोदाची मर्यादाही बसलेली होती. कोचावर जागा पाच-सहा माणसांची. जो त्या कोचावर नाही आणि तरीही ज्याच्यावर हसले जाते, त्याचे काय? लठ्ठ माणसाच्या पोटावर, काळ्या माणसाच्या रंगावर, टक्कल पडलेल्याच्या डोक्यावर आणि बाईच्या वेषातल्या पुरुषाच्या घोटीव अंगविक्षेपांवर आपल्याकडच्या विनोदाचा फार दिवस संसार चालला आहे. ‘हवा येऊ द्या’ची मंडळी बहुधा एकमेकांच्याच रूपावर बोलत, आणि भाऊ कदम तर स्वतःच्याच रूपाचे भांडवल करीत, एवढी सभ्यता त्यांच्यात होती. पण नट नटाला बोलतो तेव्हा तो करार असतो. तोच शब्द घराघरांतून, गल्लीगल्लींतून फिरू लागला की करार मागे राहतो आणि शब्द एकटाच पुढे जातो. साडेनऊ वर्षांत असे सोपे हशे थोडे नव्हते. विषय संपला की वजनावर यावयाचे, वजन संपले की रंगावर. अशा वेळी बायको उठून दुधाला विरजण लावायला जाई. ती तोंडाने काही बोलत नसे. परंतु कोणत्या प्रसंगाला विरजण लागले हे मी मनात लिहून ठेवीत असे. तिच्या इतका चोख टीकाकार मी वृत्तपत्रांत पाहिला नाही.

या कार्यक्रमाचे दुसरे उणे म्हणजे त्याची बाजारपेठ. दर आठवड्याला नवा चित्रपट येणार, त्याची दवंडी पिटावयाची, आणि तो कसाही असला तरी तो उत्तमच आहे असे म्हणावयाचे. विडंबनकाराने ज्याचे मीठ खाल्ले त्याचे वाभाडे किती काढावेत? पहिल्या वर्षांतली धार पुढे पुढे बोथट झाली, सोंगे ओळखीची झाली, पाठ झालेली वाक्ये पुन्हा पुन्हा आली. दहा वर्षे रोज एकच आमटी करणाऱ्या गृहिणीलाही ही अडचण येते. तिच्या घरचे लोक तक्रार करतात आणि जेवतातही. आम्ही तेच केले.

आता ते उत्तर. भागाच्या शेवटी शेवटी, हसून हसून बरगड्या दुखू लागल्या असता, सागर कारंडे खाकी कपड्यांत पोस्टमन होऊन येत. खांद्याला पिशवी. थोडी थट्टामस्करी होई, आणि मग ते पिशवीतून एक पत्र काढून वाचू लागत. ती पत्रे अरविंद जगताप यांनी लिहिलेली असत. पुढे ती पुस्तकरूपानेही आली. पत्र कधी शेतकऱ्याचे असे, कधी सैनिकाच्या घरचे, कधी एकट्या पडलेल्या आईबापांचे. दोन-तीन मिनिटांपूर्वी लुगडे नेसून नाचणारा हाच नट आता कागदावरून नजर न काढता वाचीत आहे, आणि कोचावरचे पाहुणे डोळ्यांना रुमाल लावीत आहेत, असे दृश्य महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले.

यावर माझ्या काही साहित्यिक मित्रांचा आक्षेप होता. ‘हा रडविण्याचा धंदा आहे,’ ते म्हणत. ‘आधी गुदगुल्या, मग चिमटा. प्रेक्षकांच्या भावनांशी हा खेळ आहे.’ आक्षेप अगदीच खोटा नाही. काही पत्रे उपदेश करीत, ती पडत. काही पत्रांत सगळ्या महाराष्ट्राचे दुःख एकाच पाकिटात कोंबलेले असे, तीही पडत. परंतु जेव्हा पत्र एका माणसाने एका माणसाला लिहिलेले असे, आणि त्यात एखादीच बारीकशी गोष्ट असे, तेव्हा ते लागे. आणि मला प्रश्न पडे की, हेच पत्र कोणी कार्यक्रमाच्या आरंभी वाचले असते तर लागले असते काय? मुळीच नाही. आरंभी आपण सगळे प्रतिष्ठित असतो. कोणी दुःख सांगू लागले की मनाचे दार थोडेसेच उघडून विचारतो, ‘काय काम आहे?’ हसलेला माणूस मात्र दार सताड उघडे टाकून बसलेला असतो. त्याच दारातून पोस्टमन आत येतो.

ही युक्तीही नवी नव्हे. नाथांनी भारुडात हेच केले आहे. विंचू चावल्याचा केवढा गोंधळ, केवढे हातवारे! लोक हसतात, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की हा विंचू अंगणातला नव्हे. तमाशाने बतावणीनंतर वग ठेवला तोही याच जाणिवेने. थुकरटवाडीला वग परवडत नव्हता. तिने वगाच्या जागी पत्र ठेवले. त्या मंडळींनी हे ठरवून केले की अनुभवाने त्यांना ते सापडले, याच्याशी मला कर्तव्य नाही. शेतकऱ्याला पाऊस कळतो तो वेधशाळेत जाऊन नव्हे.

या पत्रांचा माझ्यावर एक परिणाम झाला, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला पत्रलेखन असते. ‘पुस्तकांची मागणी करणारे पत्र लिहा’, ‘मित्राचे अभिनंदन करणारे पत्र लिहा’. मुले ठरलेली पत्रे लिहितात. मी ठरलेले गुण देतो. २०१६ च्या सुमारास, सोमवारच्या पत्राने रात्री झोप लागली नाही म्हणून, मी मंगळवारी वर्गात सांगितले, “आज खरे पत्र लिहा. ज्याला खरोखरच काही सांगावयाचे आहे, त्याला. नाव घातले नाही तरी चालेल. मी गुण देणार नाही.”

त्या काळात मी वर्गातला निलेश साबळे होतो. निदान मला तसे वाटे. तास सुरू झाला की एक-दोन कोट्या, एखादी नक्कल, मुलांचा हशा, मग धडा. मुले माझ्या तासाची वाट पाहतात याचा मला अभिमान होता. मागच्या बाकावर एक उंच, गडद सावळा मुलगा बसे. तो उत्तर द्यायला उभा राहिला की मी खिडकीकडे पाहत म्हणे, “वीज गेली वाटते!” वर्ग हसे. तोही हसे. तो हसत असल्यामुळे माझे चित्त स्वस्थ होते.

त्या दिवशीच्या पत्रांत एक निनावी पत्र माझ्याच नावाचे निघाले. अक्षर ओळखायला मला क्षणही लागला नाही. शिक्षकाला अक्षर म्हणजे चेहराच. त्यात तीन वाक्ये होती. ‘सर, तुम्ही वीज गेली वाटते म्हणता तेव्हा मी पण हसतो. नाही हसलो तर सगळे अजून हसतात. बाकी तुम्ही चांगले शिकवता.’

हा दोष कोणत्याही कार्यक्रमाचा नव्हे. मी दूरचित्रवाणीवर बघितले आणि बिघडलो, असे म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. असली वाक्ये मी आधीही म्हणत होतो, आणि माझ्या शिक्षकांनीही माझ्या बाबतीत म्हटली होती. पण एक खरे, की विनोदाविषयी मी जे काही शिकलो ते त्या तीन वाक्यांत शिकलो. हसणारा प्रत्येक जण हसत असतोच असे नाही. ‘हसताय ना?’ हा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबले पाहिजे. आणि ‘हसायलाच पाहिजे’ हे वाक्य एखाद्याच्या बाबतीत आशीर्वाद असते, तर एखाद्याच्या बाबतीत शिक्षा.

मी त्याला पत्रानेच उत्तर दिले. वर्गासमोर क्षमा मागण्याचे मनात आले होते. परंतु त्यामुळे चाळीस डोकी पुन्हा मागच्या बाकाकडे वळली असती. पत्र त्याच्या वहीत ठेवले. त्याने ते वाचल्याची कोणतीही खूण मला दिली नाही, आणि मी ती मागितली नाही. ते वाक्य मात्र माझ्या तोंडून पुन्हा गेले नाही. सुरुवातीचे काही दिवस तास फार रुक्ष झाले. मग मी कोट्या स्वतःवर करू लागलो. माझे विसरणे, माझे शर्टाचे बटण, माझ्या न खपलेल्या कादंबऱ्या. हशा पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण मागच्या बाकापर्यंत सारखा पोहोचणारा.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी आपली थुकरटवाडी उभी केली. पाहुण्यांचा कोच म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीतला बाक आणला आणि आम्हा शिक्षकांना त्यावर बसविले. एकेका शिक्षकाची नक्कल होऊ लागली. माझी नक्कल करायला तोच मुलगा आला. काखेत हजेरीपट, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधीत तो रंगमंचावर दोन फेऱ्या मारून गेला. वाक्य संपण्याआधी ओठ चाटण्याची माझी सवय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. सारे सभागृह हसत होते, आणि बाकावर बसून मीही हसत होतो. कारण हसलो नसतो तर सगळे अजून हसले असते. त्याचे वाक्य मला असे, बसल्या जागी, अनुभवाने समजले. ‘वीज गेली वाटते’ हे त्याच्या नकलेत येईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. ते आले नाही. त्याने ते वगळले होते. माझ्यापेक्षा तो चांगला विनोदकार होता.

२०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणे थांबली आणि वाहिन्या जुने भाग पुन्हा दाखवू लागल्या. बाहेर काय चालले होते ते सर्वांना आठवत असेलच. आई त्या दिवसांत फार थकली होती. जुना भाग लागला की तिला पुढचे वाक्य ठाऊक असे. तरी ती हसे, आणि हसण्याआधी आमच्याकडे एकदा बघून घेई, आम्हीही हसत आहोत ना म्हणून. माळवदावर काळोखात पडून मैत्रिणींबरोबर ऐकण्याची ती सवय असावी. पोस्टमन आला की मात्र ती डोळे मिटून घेई. झोपली असे वाटून मी आवाज कमी करावा, तर म्हणे, “असू दे. पत्र ऐकायचंच असतं.” पुढच्या वर्षी ती गेली.

२०२५ च्या जुलैमध्ये ‘चला हवा येऊ द्या’ हे नाव नव्या घडणीत पडद्यावर परत आले; सूत्रसंचालक नवे, काही चेहरे जुने, काही नवे. त्याची जुन्याशी तुलना करण्याचा मोह मी आवरतो. म्हाताऱ्यांना आपल्या काळचा तमाशाच बरा वाटतो, आणि मी अजून पन्नाशीचाही नाही. शिवाय २०१८ पासून सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’नेही हे जुने यंत्र आपल्या पद्धतीने चालविले आहे, मराठी माणसाला हसविणारे हात कमी पडतील अशी चिन्हे नाहीत. भीती आहे ती दुसरीच. हशा स्वस्त होत चालला आहे. हातातल्या फोनवर तो अर्ध्या मिनिटाच्या पुडीत मिळतो, आणि तो ज्याचा त्याने एकट्याने हसावयाचा असतो. एकट्याने हसताना शेजारी कोणी हसत नाही हे कळत नाही. चौघांनी एका खोलीत बसून हसण्याचा लाभ हाच होता की कोणी एक हसेनासे झाले की इतरांच्या ते ध्यानात येई. कोणी विरजण लावायला उठे, कोणी डोळे मिटी.

थुकरटवाडीला मी मराठी विनोदाचे शिखर म्हणणार नाही. गावाचे नावच त्याला आडवे येईल. परंतु ज्या विनोदाने आपल्या ओट्यावर पोस्टमनला बसायला जागा दिली, त्या विनोदाचे माझ्यावर ऋण आहे. ते पत्र आले नसते तर मी वर्गात खरी पत्रे मागितली नसती; आणि मागितली नसती, तर मागच्या बाकावरचे टपाल मला आजतागायत मिळाले नसते.

या दिवाळीत फराळाची ताटे मांडून आपण सारे एकत्र बसाल. कोणीतरी कोणाची तरी चेष्टा करील, आणि घर हसेल. हसावे, सणच तेवढ्यासाठी आहे. फक्त ज्याच्यावर हसलो, त्याच्याकडे एकवार वळून पाहावे, तो प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत करंजीचा घास हातातच ठेवावा.